अक्षराच्या वाटेने घराकडे

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानास उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती रास्तच आहे. तथापि आज आम्ही बोलणार आहोत तो विषय आहे मुळाक्षरांचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिले अक्षर कोणी दिले, कसे दिले, आणि ते देताना देणाऱ्याने त्या मुलाच्या घराचा उंबरा ओलांडला की नाही, हा तो विषय होय. यात कामगार चळवळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, पगारपत्रकावर अंगठा उठविणारा माणूस आम्ही रोज पाहतो. मुकादमाने उचल किती लिहिली हे त्यास वाचता येत नाही. त्याचा मुलगाही उद्या त्याच शाईत अंगठा बुडविणार की काय, हा प्रश्न वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच बऱ्याच अंशी ठरून जातो. युनियन त्या घरी पोहोचते ती फार उशिरा. बालवाडीची बाई आमच्या आधी वीस वर्षे तेथे जाऊन आलेली असते.

म्हणून इतिहासाला आमचा प्रश्न एवढाच आहे: अक्षर शिकविणाऱ्याने मुलाचे घर ओळखले काय, आणि ओळखले असेल तर कोणाच्या हितासाठी?

आपल्याकडील जुन्या पंतोजीपासून आरंभ करू. पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत भरे. मूल धूळपाटीवर बोट किंवा काडी फिरवून अक्षर गिरवी. आरंभी ओनामा, मग बाराखडी, मग पाढे आणि मोडी. पंतोजी गावातलाच, त्यास मिळणारा मोबदलाही पुष्कळदा धान्याच्या रूपाने मिळे. तेव्हा कोणाच्या घरी काय शिजते हे त्यास पुरते ठाऊक होते. घराची ओळख नव्हती असे म्हणता येणार नाही. पण ती ओळख गावाच्या वेशीपाशी संपत असे. वेशीबाहेरच्या वस्तीतले मूल धूळपाटीपर्यंत येतच नव्हते, आणि मुलगी तर वेशीच्या आतली असली तरी येत नव्हती.

ही भिंत प्रथम जोतीराव फुल्यांनी पाडावयास घेतली. १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात कुणब्याच्या घरातले मूल शाळेत का येत नाही याची कारणे सांगितली आहेत. गुरे राखणे आणि शेतीचे काम हे त्यांतले मुख्य. बाप अडाणी म्हणून पोर अडाणी, असा सोपा निकाल त्यांनी दिला नाही. घरातली मजुरी मोजल्यावाचून शाळेची हजेरी मोजता येत नाही, हे शहाणपण येथून सुरू होते. पुढे कोसबादच्या टेकडीवर याच शहाणपणाची पुन्हा गाठ पडणार आहे.

युरोपात लहान मुलांच्या शिक्षणाचा पाया फ्रोबेलने घातला. १८३७ मध्ये त्याने जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे आपली शिशुसंस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. फ्रोबेलला अक्षरांची घाई नव्हती. त्याचा भर खेळ, गाणी आणि हाताचे काम यांवर होता. १८४४ साली त्याने आयांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे एक पुस्तकच काढले. कारण मुलाची पहिली शिक्षिका त्याची आई आहे, असे तो मानी. अशा या निरुपद्रवी वाटणाऱ्या बागेवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली! मुले तेथे नास्तिक आणि समाजवादी होतील ही भीती. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर फ्रोबेल मरून आठ वर्षे झाली होती. राज्यकर्त्यांना चार वर्षांच्या मुलाचे भय वाटावे यात हसण्यासारखे आहे. पण शिक्षकाचे पाऊल गरिबाच्या घरात पडले की काही हलते, एवढे त्या सरकारला कळले होते असे आम्हांस वाटते.

आता रोमला जाऊ, कारण आमच्या विषयाचा गाभा तेथे आहे. सान लोरेन्झो हा रोममधील कामगारांचा मोहल्ला. इमारती भराभर उठल्या, धंदा बसला, अर्धवट घरांत माणसे दाटीवाटीने राहू लागली. एका बांधकाम कंपनीने त्या इमारती घेऊन दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले की लहान मुले जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करीत. भिंती वाचवावयाच्या तर मुले एके ठिकाणी बसवावयास हवीत, असा कंपनीचा हिशेब. तो हिशेब घेऊन त्यांनी मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंना बोलावले, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्याच चाळीत तळमजल्यावर पन्नासएक मुलांचे ‘बालकांचे घर’ उघडले. मालकाने भिंतीसाठी केलेल्या खर्चातून जगातील एक मोठी शिक्षणपद्धती निघाली, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

त्या घराचे नियम भिंतीवर लावले होते. मुलाला न्हाऊमाखू घालून स्वच्छ कपड्यांत पाठवावे; आईने आठवड्यातून निदान एकदा संचालिकेस भेटून मुलाविषयी बोलावे; ऐकले नाही तर मूल कमी केले जाईल. आम्ही हे नियम प्रथम वाचले तेव्हा कारखान्यातील स्थायी आदेशांची आठवण झाली. मालकाने लिहिलेला नियम, आणि शेवटी बडतर्फीचे कलम! परंतु त्यांत एक गोष्ट अपूर्व होती. शाळा चाळीत होती आणि शिकविणारी बाईही तेथेच राहावी अशी योजना होती. आईला येताजाता डोकावता येई. तिला शिक्षणासंबंधी बोलण्याची पाळी आली, हे कामकरी बाईच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

आणि आयांनी काय मागितले? लिहिणे-वाचणे. माँटेसोरीबाईंचा इतक्या लहान वयात अक्षरे शिकविण्याचा विचार नव्हता. तो काळाचा रूढ समज होता. पण मुले हाताने कामे करू लागली, नीटनेटकी झाली, हे पाहून ज्यांना स्वतःस अक्षर ओळखता येत नव्हते अशा आया येऊन विनवू लागल्या. तेव्हा बाईंनी काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. मुलाने त्यांवर बोट फिरवावे, तोंडाने ध्वनी काढावा, डोळ्यांनी आकृती पाहावी. बोट, कान आणि डोळा तिन्ही एका कामाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गच्चीवर एका मुलाने खडूने धुराडे काढले आणि मग त्यापुढे तो शब्द लिहू लागला. आपल्याला लिहिता येते हे त्याचे त्यालाच कळले, आणि तो ओरडत सुटला. मागोमाग बाकीची मुले. फरशा, दारे, खिडक्यांची झडपे, काही म्हणून सुटेना. पावाच्या पाठीवरही अक्षरे उमटू लागली, तेव्हा आयांनी कागद आणि शिसपेन्सिली आणून दिल्या.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबू. ज्या घरात कागद नव्हता त्या घरात कागद आला. कोणी उपदेश केला नव्हता. अक्षर मुलाच्या बोटावर बसून घरी गेले आणि आईने आपल्या मजुरीतून पेन्सिल विकत घेतली. अक्षराचा खेळ घराची ओळख करून देतो असे म्हणतात ते हेच. आईची इच्छा काय आहे, हे माँटेसोरीबाईंना आठवड्याच्या भेटींतून कळले, आणि घराची ऐपत काय आहे, हे मुलांनी रंगविलेल्या दारांवरून कळले.

ही पद्धत आपल्याकडे आणली ती प्रामुख्याने भावनगरच्या दक्षिणामूर्तीने. गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते वकिली सोडून शिक्षणात आले, आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. तेथे येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२, १९१४ च्या पदवीधर, संसार मोडल्यावर एकटीने उभी राहिलेली ही बाई. या दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार काढले. मुंबईच्या मध्यमवर्गाला माँटेसोरी हा शब्द कळला तो पुष्कळसा या कामामुळे.

पण येथे एक विचित्र गोष्ट झाली होती. रोमच्या कामगार चाळीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती. रेखीव लाकडी साहित्य, परदेशी किंमत, पांढरपेशी मुले. १९३१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या समोर बोलताना गांधीजींनी ही विद्या गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावी, अशी अपेक्षा बोलून दाखविली होती. तिकडे दादरपासून हाकेच्या अंतरावर गिरणगावात कामावर जाणारी बाई तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत होती. बायका कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, हे कलम १९४८ च्या कारखाने कायद्यात आले. आणि कायदा झाल्यावरही ते कागदावरून खोलीत यावयास प्रत्येक ठिकाणी भांडावे लागले. बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केले व १९७२ मध्ये ते काम मुंबईत आले. असो.

ताराबाईंना ही विसंगती टोचत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्या दादर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबत होत्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेली, नोकरी सांभाळून मॅट्रिक झालेली ही बाई. पदवी तर तिने पन्नाशीच्या सुमारास घेतली. ज्याला शाळेत बसून शिकावयास मिळाले नाही, त्याला अनुताईंचे नाव घेताना छाती थोडी भरून येते. आमचे तसे होते.

१९४५ हे साल त्या टापूत साधे नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून गेले. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबणाऱ्याला तेथे लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढारपणाखाली हा लढा चालला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि आदिवासी मेले. १९७० साली गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा इतिहास लिहून ठेवला. लाल बावट्याची माणसे वेगळी, बालशिक्षणाची माणसे वेगळी, विचारही वेगळे. परंतु एकाच वर्षी, एकाच मुलखात, एकीने बापाची वेठ सोडविली आणि दुसरीने मुलाच्या हाती अक्षर दिले. दोन्हींपैकी एक जरी झाले नसते तरी दुसरे पांगळे राहिले असते, असे आमचे मत आहे.

बोर्डीत शाळा उघडली म्हणून गरीब वस्तीतली मुले आली नाहीत. तेव्हा शाळा उठून वस्तीतल्या अंगणात गेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे ताराबाईंचे सूत्र; आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. अंगणात भरणाऱ्या वर्गाचा गुण असा की आई भाकऱ्या थापता थापता सारे पाहते. मुलाला न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे येथून आरंभ होई. सान लोरेन्झोत जे काम आईवर नियमाने टाकले होते ते येथे बाईने स्वतः हाती घेतले. साहित्यही आजूबाजूचे: शिंपले, खडे, बिया, पाने, माती. बिया ओळीने मांडून अक्षराचा आकार करता येतो आणि पैसा लागत नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांचे पाडे दूरदूर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफून त्यांनी विकासवाडी उभी केली. कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारी मुलगी ते मूल कोठे ठेवावे हे ठरल्याखेरीज पाटी धरू शकत नाही. गुरे चारावयास जाणारी मुले वर्गात येईनात, तेव्हा बाई कुरणात गेल्या. गुरे चरत आहेत, झाडाखाली वर्ग चालला आहे, ही कुरणशाळा. १८८२ साली फुल्यांनी जे कारण नोंदविले होते त्यावर पाऊणशे वर्षांनी निघालेला हा उपाय.

वारली घराला आपण निरक्षर म्हणतो. पण त्याच घरात लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि सरळ रेघ. एवढ्यावर माणूस, झाड, डोंगर, देव सारे उभे राहते. पुढे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला जगापुढे नेली. ज्या मुलाने आईच्या हातून असली रेघ उमटताना पाहिली आहे त्याला ‘ग’ची उभी रेघ आणि ‘म’ची गाठ परकी का वाटावी? परकी वाटते ती आपल्या तक्त्यामुळे. ‘ग म भ न’ हा क्रम आकारांच्या सारखेपणावरून लावलेला आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण तक्त्यावरची चित्रे पाहा. अ अननसाचा, पाड्यावर अननस कोणी खाल्ला आहे? भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा. तक्ता कोणाच्या घरी तयार झाला हे तक्ताच सांगतो. त्यात औताचा ‘औ’ आहे हे खरे, पण कोयता, पाटी, थापी, घमेले, जाळे यांची अक्षरे तेथे नाहीत. मुलाच्या घरातल्या वस्तूचे अक्षर प्रथम घेतले तर मूल घरी जाऊन ती वस्तू दाखविते, आणि बापाला कळते की शाळेत आपल्या कामाचे नाव घेतात.

त्याहून जवळचे अक्षर म्हणजे मुलाच्या स्वतःच्या नावाचे. नावाच्या पहिल्या अक्षरापासून आरंभ करा आणि नाव कोणी ठेवले हे घरी विचारून यावयास सांगा; घराचा निम्मा इतिहास दुसऱ्या दिवशी बालवाडीत येतो. आमच्या संघटनेतील बायकांनी बांधकाम मजुरांच्या वस्तीत हा प्रयोग केला आहे. कोणाचे नाव आजीचे, कोणाचे जन्माच्या वाराचे, कोणाचे ज्या गावी खडी फोडताना जन्मली त्या गावचे. नाव विचारावयास गेलेल्या बाईला घरातली उचल, दारू, आजारपण, सारे आपोआप कळते, आणि चौकशी केल्याचा वास येत नाही.

पण नाव विचारताना कधी काळजाला घरेही पडतात. ‘न’ कोणाचा? तर नकोशीचा. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नाव ठेवले नकोशी. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. पाच वर्षांच्या मुलीने आपले पहिले अक्षर गिरवावे आणि त्या अक्षरात आपण नको आहोत असे लिहिलेले असावे, यापरते दुःख कोणते! ते अक्षर फळ्यावर लिहिणारी बाई जर शहाणी असेल तर ती खडू खाली ठेवून प्रथम त्या घरी जाईल. साक्षरतेची मोजदाद करणाऱ्यांच्या रकान्यात हे पाऊल कधी येत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, आणि ताराबाईंचा ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द देशभर गेला. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या होत्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करीत राहिल्या. योजनेने शब्द घेतला, आहार घेतला, वजनकाटा घेतला, लसीकरण घेतले. आणि हे सारे आवश्यक होते. पण घराघरांत जाणारी जी बाई, तिला मात्र कामगार म्हणून घेतले नाही. ती ‘मानसेवी’, तिला वेतन नाही, मानधन. अक्षरे शिकवा, खिचडी वाटा, वजने करा, गरोदर बाईची नोंद ठेवा, भ्रमणध्वनीवर माहिती भरा, आणि वर पुन्हा हे काम सेवाभावाचे! ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितले. म्हणजे योजना सुरू झाल्यावर सत्तेचाळीसाव्या वर्षी. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला, तेव्हा बरीच भली माणसे म्हणाली की लहान मुलांचे हाल होतात. हाल होतात हे खरेच. ज्या बाईच्या न येण्याने हजारो घरांचे हाल होतात तिचे काम फावल्या वेळचे कसे, याचे उत्तर त्या भल्या माणसांनी द्यावयास हवे होते.

आता एवढ्या इतिहासातून काय निघते ते थोडक्यात सांगतो. पंतोजी घर ओळखत होता, पण काही घरेच. रोमच्या कंपनीला घर ओळखावयाचे होते ते भिंतीसाठी. माँटेसोरीबाईंनी ती ओळख मुलाच्या कामी लावली. ताराबाई-अनुताईंनी उलट वाट धरली. मुलाला घरातून उचलून शाळेत नेण्याऐवजी त्या शाळा उचलून अंगणात आणि कुरणात घेऊन गेल्या. प्रत्येक वेळी अक्षर हे निमित्त होते आणि कसोटी एकच होती: आईला बोलावयास मिळाले की नुसते ऐकावयास?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून धरली आहेत. पाया म्हणावयाचे तर तो खोदणाऱ्या हाताला मजुरी द्यावी लागते. गावातल्या सुशिक्षित मंडळींना आमची विनंती मोठी नाही. आपल्या प्रभागातील अंगणवाडी कोणत्या खोलीत भरते, तेथे पाणी आणि संडास आहे काय, सेविकेला मानधन वेळेवर मिळते काय, हे एकदा जाऊन पाहा. आपल्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईचे मूल कोठे बसते, हे तिला विचारा. आणि मुलांसाठी अक्षरांचा तक्ता विकत घेऊन तेथे देणार असाल, तर त्यातल्या कोऱ्या जागा आधी तेथल्या आयांना भरू द्या.